एसटीच्या फळीवर मावणारी गिटार

माझ्या धाकट्या भावाची गिटार गुळाच्या दोन ढेपांखाली चेपली, तेव्हा तो कुणाशी भांडला नाही. शनिवारी दुपारी नेहमीच्या गाडीनं धरणाच्या कामावरून घरी आला, गिटार कॉटवर ठेवली आणि म्हणाला, "अक्का, हिचं पोट फुटलं." मग हातपाय धुऊन जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्या, वर आमटी मागून घेतली. मला खटकलं ते हेच. ज्या वस्तूला कुणी हात लावला तरी तो पूर्वी वसकन अंगावर यायचा, ती फुटल्यावर त्यानं आमटी मागून घेतली.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. आई गेल्यापासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच होतो. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळेच्या सहली माझ्याकडे असायच्या. पन्नास-साठ मुली पन्हाळ्याला नेऊन तितक्याच परत आणायच्या म्हणजे यादी लागते. मला त्या यादीची सवय जडली ती कायमची. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आधी तो कोल्हापुरातल्याच एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपती, नवरात्र, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, लग्नाचे सोहळे, वर्षातले सहा महिने त्याला फुरसत नसे. मग ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार आली, तिच्याबरोबर ती वाजवणारा आला आणि याचं काम संपलं. त्यानं मला सांगितलं ते एवढंच.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या चांगले लक्षात आहेत. तो वेळेवर उठायचा, जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पण त्याच्याशी बोलताना पोस्टाच्या खिडकीशी बोलतोय असं वाटायचं. शेवटी ओळखीतून राधानगरीच्या पलीकडं एका धरणाच्या कामावर स्टोअरकीपरची जागा मिळाली. सिमेंट आलं किती, सळ्या गेल्या किती, डिझेल उरलं किती, हे लिहायचं, पत्र्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचं. जाताना त्यानं गिटार नेली. मला हायसं वाटलं. ती दर शनिवारी त्याच्याबरोबर यायची, दर सोमवारी जायची, आणि तोवर सगळं ठीक आहे असं मी धरून चालले होते. ती फुटली तशी मला त्या तीन महिन्यांची भीती वाटायला लागली. त्याचं वाजवणं बंद पडता कामा नये, एवढं एकच मी ठरवलं.

फुटली कशी, ते मी दुसऱ्या दिवशी खोदून विचारलं.

"फळीवर मावत न्हाय. पोट भाईर येतंय, लोकांच्या डोक्याला लागतंय. कंडक्टर म्हणाला, पावणं, हे टपावर टाका. टाकली. मधल्या थांब्याला कुणाच्यातरी ढेपा चढल्या."

"मग आधीच मांडीवर का नाही घेतलीस?"

"मांडीवर एका म्हातारीचं नातवंड हुतं."

 अडचण कुठं आहे ते मला कळलं, आणि अडचण कळली की मला बरं वाटतं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी कापडी टेप घेऊन एसटी स्टँडवर गेले. राधानगरीकडं जाणारी गाडी लागलेली होती, रिकामी. मी आत चढून सामानाची फळी मोजायला लागले. कंडक्टर तंबाखू मळत खाली उभा होता. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं.

"ओ बाई, गाडी इकत घ्यायची हाय काय?"

"नाही. फळी मोजतेय."

"मग फळीच काढून न्या की. तेवढीच गाडी हलकी हुईल, चढाला वढंल तरी."

"सगळ्या गाड्यांना हीच फळी असते का?"

"आता तुमी मोजणार म्हणल्यावर आमी बदलतो व्हय?" तो म्हणाला आणि ड्रायव्हरला हाक मारून माझी गंमत सांगायला गेला.

फळीची रुंदी साडेबारा इंच भरली. भावाच्या गिटारचं पोट सोळा इंच होतं. म्हणजे साडेतीन इंचांनी घात केला होता. मी तिथंच सीटवर बसून वहीत लिहायला सुरुवात केली. पोट बारा इंचांच्या आत. त्याच कलमात लांबी तीन फुटांपेक्षा कमी, म्हणजे खोलीतल्या कॉटखालीही सरकेल. एका हातानं उचलता यावी. धरणावर चार महिने पाऊस, तेव्हा लाकूड फुगता कामा नये. तुटलेली तार कोल्हापुरात मिळाली पाहिजे. शेवटचं पाचवं कलम मी बऱ्याच विचारानं लिहिलं: आवाज उघड्यावर ऐकू गेला पाहिजे. भाऊ सांगायचा की खोलीत पत्रा तापतो, म्हणून तो नदीकाठी दगडावर बसतो. तिथं वारा असणार, लांबवर यंत्रं चालू असणार. पोट लहान केलं तर आवाज लहान होणार, हे मला भूगोलाच्या बाईलाही कळत होतं.

त्या आठवड्यात मी कोल्हापुरातली वाद्यांची दुकानं पालथी घातली. महाद्वार रोडच्या बाजूला एका दुकानात गिटारी टांगलेल्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या.

"लहान म्हंजे? पोराला पायजे काय?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, एकोणतीस वर्षांच्या माणसाला."

"मग लहान कशाला?"

"एसटीत न्यायला."

"एसटीत न्यायचं तर माउथऑर्गन घ्या की बाई. खिशात बसतोय. न्हायतर बेंजो घ्या. गणपतीत चालतोय, लग्नात चालतोय, कुणी डोक्यात घातला तरी फुटत न्हाय."

दुसऱ्या दुकानात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार दाखवली, ती आणखी लांब होती. तिसऱ्याकडं जत्रेत मिळते तसली प्लॅस्टिकची होती आणि तिच्यावर बदकाचं चित्र होतं. मुंबईच्या एका दुकानाला मी जोडकार्ड पाठवलं. उत्तर आलं की लहान मापाची गिटार परदेशातून येते, सध्या येत नाही, मागणी नोंदवून ठेवली आहे. मी ते कार्ड वहीत चिकटवलं आणि त्या ओळीवर काट मारली.

शनिवारी भाऊ आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे माझ्याकडं बघत होता.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"बघ तुला काय वाटतं ते."

मी हे होकारार्थी धरलं. शाळेतल्या नकाशांचा एक मोठा पुठ्ठा मी घरी आणला होता. त्याचं बारा इंची पोट कापलं, वर दांडी चिकटवली आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, हातात घे, मांडीवर कशी बसते सांग. त्यानं पुठ्ठा मांडीवर घेतला. तो थोडा हसला. मग बोटं दांडीवर आपोआप जाऊन बसली, चारही बोटं आपापल्या जागी, आणि उजवा हात पुठ्ठ्यावरून एकदा खाली आला. खर्र असा आवाज झाला. त्यानं पुठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बसतीय." मला तेवढं पुरेसं होतं. माणसाच्या बोटांना अजून आठवतंय म्हटल्यावर बाकीचं सगळं मापाचं काम उरतं, असा माझा समज होता.

तयार मिळत नाही तर करून घ्यायची, हे साहजिक होतं. आमच्याकडं वाद्य करून घ्यायचं म्हणजे मिरज. पुढच्या रविवारी मी फुटकी गिटार चादरीत गुंडाळून सकाळच्या रेल्वेनं मिरजेला गेले. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत चौथ्या घरात एक वयस्क मुसलमान कारागीर एकटेच काम करत बसले होते. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, मध्ये हाडाचा एक तुकडा पायाच्या अंगठ्यात धरून ते कानस मारत होते. सगळा गाव त्यांना चाचा म्हणत असावा, कारण मला वाट दाखवणाऱ्यानंही तसंच म्हटलं. मी चादर सोडली. त्यांनी फुटक्या गिटारच्या पोटावर बोटानं टकटक केलं, कान लावला, आणि डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली.

"ही गेली बाई."

"ही दुरुस्त करायची नाही. हिच्या तारा पिळायच्या चाव्या वापरून लहान करायची. तुम्ही गिटार केलीय कधी?"

"दुरुस्त केल्यात. रेलवेतले साहेब लोक आनायचे. बनवली नाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पन दांडी, पोट, तारा. वेगळं काय हाय त्यात? बसा. चाय घेनार?"

मी वही पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "तुमीच वाचा. मी ऐकतो."

"पोट बारा इंचांच्या आत, लांबी तीन फुटांच्या आत."

"हौ."

"एका हातानं उचलता आली पाहिजे."

"दुसऱ्या हातात काय असनार?"

"पिशवी."

"मग हौ."

"पावसाळी हवेत लाकूड फुगता कामा नये."

त्यांनी मागं वळून एका फळीवर हात ठेवला. "तूनचं लाकूड. माझ्या वडलांनी वाळवायला ठेवलेलं. ते गेले, हे अजून वाळतंय. फुगायचं नाही."

"तारा कोल्हापुरात मिळाल्या पाहिजेत."

"कोल्हापुरात तारा जातात कुटनं? हितनंच जातात."

"आणि शेवटचं. आवाज. नदीकाठी, उघड्यावर वाजवायची आहे. वारा असतो, यंत्रं असतात. आवाज लांब गेला पाहिजे, लगेच मरता कामा नये."

इथं त्यांनी कानस खाली ठेवली. "एवढुशा पोटातनं?"

"हो."

ते बराच वेळ त्या हाडाच्या तुकड्याकडं बघत होते. "बघू. ते माझ्यावर सोडा, बाई. त्याची फिकिर तुमी करू नका."

दीड महिना लागला. मध्ये एकदा मी जाऊन आले, तेव्हा दांडीवर पडदे बसवायचं काम चाललं होतं. दांडी आखूड झाल्यामुळं जुनी मापं चालणार नव्हती. ते एकेक सूर कानानं ऐकून खडूची खूण करत, पुसत, पुन्हा करत. मला त्या कामाचा फार आदर वाटला. मी घरी येऊन वहीत चार कलमांपुढं पेन्सिलनं खुणा केल्या.

मेच्या शेवटच्या रविवारी मी भावाला घेऊन मिरजेला गेले. गिटार पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. फडकं निघालं. गडद तांबूस रंग, गुळगुळीत पाठ, जुन्या चाव्या घासून लख्ख केलेल्या. मी टेप काढली. पोट पावणेबारा. लांबी चौतीस. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा मी मुद्दाम आणला होता, त्याला अडकवून वजनही बघितलं. सगळं बरोबर. चाचा कौतुकानं माझ्याकडं बघत होते. "बाई वजन करनाऱ्या पैल्याच."

भावानं गिटार मांडीवर घेतली आणि तारांवरून एकदा हात फिरवला.

तो आवाज गिटारचा नव्हता. प्रत्येक तारेतून एक झंकार निघाला, तो थांबेना, त्यात दुसरीचा मिसळला, तिसरीचा मिसळला, आणि डब्यात गांधीलमाश्या कोंडाव्यात तसा सगळा एकच झणझणाट खोलीत भरून राहिला. भावानं तळहातानं तारा दाबल्या. 

"हे काय झालं?" मी विचारलं.

"जवारी," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी बोटानं तारांखालची घोडी दाखवली. गिटारला तिथं अरुंद पट्टी असते. त्यांनी सतारीसारखी रुंद, हाडाची घोडी बसवली होती आणि तिला असा बारीक उतार दिला होता की तार तिच्यावर घासत थरथरत राहावी. "तीन दिवस घासली. थोडी घासायची, ऐकायची, थोडी घासायची. तुमी बोलला ना, आवाज लांब गेला पायजे, मरता कामा नये? पोट लहान, मग आवाज कुटनं आननार? जवारीतनं. आता हिला गल्लीच्या तोंडाला नेऊन वाजवा, मी हितं ऐकतो. लोक माझ्याकडं लांबून येतात फकस्त जवारी लावायला."

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या पाचव्या कलमासाठी त्यांनी स्वतःकडचं सगळ्यात चांगलं काम दिलं होतं. त्यांच्या हिशेबी आवाज टिकवायचा याचा दुसरा अर्थच नव्हता. गिटारच्या सुरात एक सूर संपल्यावर दुसरा स्वच्छ यावा लागतो, हे मी यादीत लिहिलं नव्हतं. मला ते माहीत होतं; ऑर्केस्ट्रात मी किती वेळा ऐकलं होतं. पण माहीत असलेली गोष्ट कोण लिहितं?

"चाचा, ही घोडी काढून साधी बसवता येईल का?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "येईल की. पंधरा दिवस द्या. पन का काढायची?"

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "काढू नका. लई झ्याक हाय, चाचा."

"अरे, पण..."

"अक्का, ऱ्हाऊ दे की. झ्याक हाय." त्यानं चाचांच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे ओले झाले. मी टेप गुंडाळून ठेवली.

परतीच्या रेल्वेत मी एकदा म्हटलं, "वाजवायला जमेल ना तुला?" तो म्हणाला, "जमंल." मी वही काढली आणि पाचव्या कलमापुढं खूण केली. मला खरं तर कळलं होतं. पण पाचांपैकी पाच झाली होती, आणि वही मिटायची मला घाई होती.

मी तिला मेणकापडाची पिशवी शिवली, आतून घोंगडीचा तुकडा लावला. सोमवारी पहाटे स्टँडवर सोडायला गेले. गिटार फळीवर अलगद बसली, अर्धा इंचही बाहेर आली नाही. मी खालून खिडकीतून बघत होते. त्या पहाटेइतकं समाधान मला नंतर कधी वाटल्याचं आठवत नाही, आणि त्याची आज लाज वाटते.

पुढच्या दोन शनिवारी गिटार आली. पिशवीची नाडी मी बांधलेली तशीच होती. तिसऱ्या शनिवारी तो रिकाम्या हातानं आला. "तिथंच ठेवलीय. कशाला ने-आण करायची?" मला आनंद झाला. तिथं वाजवत असणार. म्हणजे काम झालं. मग पावसानं जोर धरला आणि तोच येईनासा झाला. आधी कार्डावर लिहिलं की रस्ता खचलाय, मग लिहिलं की सुट्टी मिळत नाही, मग काहीच कळवलं नाही. चार शनिवार मी दोघांचा स्वयंपाक केला.

श्रावणात एका रविवारी मीच गेले. लोणचं, चिवडा, दोन कोरडे टॉवेल, तापाच्या गोळ्या, तारांचा एक जादा संच, अशी पिशवी भरली. फाट्यावर उतरून दीड-दोन मैल चिखलातून चालायचं होतं. रविवार असल्यामुळं यंत्रं बंद होती. एका मोरीपाशी मी चपलेतला चिखल काढायला थांबले, तेव्हा मला तो झंकार ऐकू आला.

मी अगदी ताठ उभी राहिले. पावसाच्या भुरभुरीतून, वाऱ्यातून, लांबून येत होता, पण स्पष्ट. मी पावलं मोजत निघाले. पत्र्याच्या शेडपर्यंत अडीचशेच्या वर भरली. अडीचशे पावलांवरून ऐकू येत होती! मी चालता चालता त्याला सांगायची वाक्यं जुळवत होते.

शेडमध्ये पंधरा-वीस माणसं बसली होती. टाळ होते, मृदंग होता, भजन चाललं होतं. गिटार एका दाढीवाल्या गवंड्याच्या हातात होती. त्यानं ती तंबोऱ्यासारखी उभी धरली होती आणि डोळे मिटून मोकळ्या तारांवरून एकेक बोट फिरवत होता. सगळ्या तारा षड्ज-पंचमात लावलेल्या. दांडीला हळदकुंकू लावलं होतं, चाव्यांना झेंडूची फुलं अडकवली होती. सुंदर लागत होता आवाज. खरं सांगायचं तर त्या आवाजात काही कमी नव्हतं.

भजन थांबल्यावर मी चौकशी केली.

"स्टोअरवाल्यांची बहीण व्हय?" गवंडी म्हणाला. "या की, बसा. आमी गडमुडशिंगीचं. तुमच्या भावानं लई बेस तंबोरा दिलाय बघा मंडळाला."

"ती गिटार आहे."

"असंल बाई. पर बोलतीया तंबोऱ्यागत. कुठनं घेतली?"

मी मिरज म्हटलं. तो बाकीच्यांकडं वळून म्हणाला, "बघा, मी म्हणलं नव्हतं? मिरजंचाच माल हाय."

भाऊ स्टोअरमध्ये होता. सिमेंटच्या थप्प्यांमध्ये एका खुर्चीवर नुसता बसला होता. माझ्याकडं बघून उठला, "अक्का, एवढ्या चिखलातनं कशाला आलीस?" म्हणाला आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मी पिशवीतल्या वस्तू एकेक काढून मांडल्या. तारांचा संच शेवटी निघाला. तो त्यानं हातात घेऊन बघितला.

"हा त्यांना दे. त्यांची एक तुटलीय."

"मी उद्याच मिरजेला जाते," मी म्हणाले. "साधी घोडी करून आणते. पंधरा दिवसांचं काम आहे. माझी चूक झाली, मी नीट सांगायला हवं होतं. दुसरी घोडी बसली की..."

"अक्का, घोडीचं न्हाय ते."

"मग कशाचं?"

त्यानं चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला. मग तो जे बोलला ते आवाज न चढवता, सिमेंटच्या पोत्यांची संख्या सांगावी तसं.

"शेवटच्या सीझनला माझ्यापुढचा माईक बंद असायचा. नवा गडी आला, तवा मालक म्हणाला, तू एकदम गेलास तर बरं दिसणार न्हाय, खुर्चीवर बसून ऱ्हा. मी बसून वाजवायचो. पडद्याआड तो इलेक्ट्रिकवर वाजवायचा, लोकांस्नी त्येचं ऐकू जायचं. पन्नासभर कार्यक्रम केलं तसं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू पहिल्या रांगेत असायचीस की. घरी येऊन म्हणायचीस, आज तुझा हात काय फिरला रे! टाळ्या वाजवायचीस. कसं बोलणार?"

पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला. मी टाळ्या वाजवलेल्या मला आठवत होत्या. एकदा मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून म्हटलं होतं, हा माझा भाऊ.

"मग इथं नदीवर तरी वाजवायचास ना? आधीची होती तेव्हा?"

"बसायचो घेऊन. हात फिरवायचो. पर कानाला खरंच वाटायचं न्हाय ते. वाटायचं, हे दुसराच कुणीतरी वाजवतोय, मी नुसता हात हलवतोय. मग हातबी हलवायचा सोडला." तो थोडा हसला. "तू पुठ्ठा कापून आणलास तवा सांगणार हुतो. पर तू एसटीची फळीबी मोजून आलेलीस. तोंडच उघडंना."

मी चहा संपवला.  शेवटी मी विचारलं, "शनिवारी येशील?"

"बघू," तो म्हणाला.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. छत्री एकच होती, ती त्यानं माझ्यावर धरली. मागं भजन पुन्हा सुरू झालं होतं. मोरी ओलांडली तरी तारांचा आवाज येत होता. त्यानं मान वळवली नाही.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. गौरी-गणपतीला आला, दोन दिवस राहिला, दिवाळीला एक दिवस. धरणाचं ते काम संपल्यावर त्यानं कंपनीकडून लांबची, विदर्भातली जागा मागून घेतली. निघताना सामान एका ट्रंकेत मावलं. महिन्याला त्याचं कार्ड येतं. प्रकृती बरी आहे, पाणी बदलल्यामुळं पोट बिघडलं होतं, आता ठीक, तू काळजी घे. मीही तसंच लिहिते. गाण्याबद्दल, वाजवण्याबद्दल मी त्याला पुन्हा काही विचारलेलं नाही. लिहायला बसते तेव्हा तो प्रश्न प्रत्येक वेळी मनात येतो आणि मी दुसऱ्या ओळीवर जाते.